ऐंशी टक्के मालक, शंभर टक्के मत

मराठी माणूस आणि बंगाली माणूस यांच्यात बाकी कितीही फरक असला तरी एका बाबतीत दोघे सख्खे भाऊ शोभतील. संस्था कशी चालवू नये, हे दोघांनाही उत्तम कळतं. फरक असलाच तर विषयाचा. आपण ही विद्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर, ग्रंथालयाच्या निवडणुकीवर आणि गणपतीच्या वर्गणीवर खर्च करतो. कलकत्त्याचा बाबू ती फुटबॉल क्लबवर खर्च करतो. सामना नव्वद मिनिटांत आटोपतो. पण गोलरक्षकाला कोणी घेतला, घेणाऱ्याला कोणी नेमला आणि नेमणाऱ्याचे पैसे कोणाचे, हा वाद संध्याकाळच्या चहाबरोबर सुरू होतो आणि पुढच्या सामन्यापर्यंत पुरतो. लोक नाटकांवर परीक्षणं लिहितात, पुस्तकांवर लिहितात. मग या वादावर का लिहू नये? तोही एक प्रयोगच आहे, आणि भलताच रंगलेला.

प्रयोगाचं नाव मोहन बागान. ज्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही (आपल्याकडे ही मंडळी बरीच आहेत आणि चारचौघांत कबूल करत नाहीत) त्यांच्यासाठी थोडा पूर्वरंग. हा क्लब १८८९ सालचा. म्हणजे काँग्रेसपेक्षा अवघा चार वर्षांनी धाकटा. २९ जुलै १९११ रोजी त्याने आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीला २-१ असं हरवलं. पलटणीच्या पायांत बूट होते. बागानच्या अकरापैकी दहा जण अनवाणी होते. तेव्हापासून बागानचा पाठीराखा स्वतःला प्रेक्षक समजतच नाही, स्वातंत्र्यसैनिकाचा वारस समजतो. समोर ईस्ट बेंगाल, १९२० सालचा, पूर्व बंगालच्या मंडळींचा. बागान जिंकलं की बाजारात कोळंबी महागते, ईस्ट बेंगाल जिंकलं की इलिश महागतो. शंभर वर्षांच्या या वैरात ज्याचा ताळेबंद दरवेळी नफ्यात निघाला असा एकच पक्ष मला दिसतो, तो म्हणजे मासळीवाला.

बाकीच्यांचा ताळेबंद मात्र कठीण. क्लब वर्गणीवर आणि देणग्यांवर चालायचा, पुढे खेळाडूंचे पगार वाढले आणि पैसेवाला शोधण्याची पाळी आली. १९९८ साली विजय मल्ल्या यांचा युनायटेड ब्रुअरीज समूह आला. त्यांनी बागानच्या अंगावर एका मद्याचं नाव घातलं आणि ईस्ट बेंगालच्या अंगावर दुसऱ्या. ज्या दोन घरांत सोयरीक होत नाही, त्या दोन्ही घरांचा भागीदार एकच! मल्ल्या यांचं नाव पुढे आम्हां बँकवाल्यांना निराळ्याच कारणाने पाठ झालं. पण तो विषय फुटबॉलचा नाही, वसुलीचा आहे.

खरा पहिला अंक सुरू होतो तो २०२० साली. संजीव गोयंका यांच्या आर.पी.एस.जी. समूहाने बागानच्या फुटबॉलमधला ऐंशी टक्के हिस्सा घेतला. वीस टक्के जुन्या क्लबकडे राहिले. गोयंकांकडे आधीपासून ए.टी.के. नावाचा संघ होता. तो आणि बागान एकत्र करून जो संघ निघाला त्याचं नाव ठेवलं ए.टी.के. मोहन बागान. हिरवा आणि मरून हे रंग राहिले, बोधचिन्हातली शिडाची नाव राहिली, फक्त नावापुढे तीन अक्षरं येऊन बसली.

आता ही तीन अक्षरं म्हणजे काय, ते पाहा. २०१४ साली हा संघ निघाला तेव्हा स्पेनचा अॅटलेटिको माद्रिद त्यात भागीदार होता, म्हणून नाव अॅटलेटिको दे कोलकाता. २०१७ साली माद्रिदवाले भागीदारी सोडून घरी गेले. पाटीवर उरली आद्याक्षरं. म्हणजे एकशे एकतीस वर्षांच्या क्लबच्या नावाआधी जे बसलं, ते निघून गेलेल्या भागीदाराचं विसरलेलं सामान होतं. 'गोखले आणि मंडळी' या दुकानातून गोखले केव्हाच निघून गेले, मंडळींनी पाटीवर नुसता 'गो' ठेवला आणि तोच नेऊन शेजारच्या तुळशीबागेला चिकटवला, तर पुणेकर काय म्हणतील? कलकत्तेकर तेच म्हणाले. 'रिमूव्ह ए.टी.के.' ही घोषणा मैदानातल्या फलकांवर झळकली. काही जहाल मंडळी त्याहून पुढे गेली. त्यांची मागणी होती, 'ब्रेक द मर्जर'. टिळक-आगरकरांच्या प्रदेशातल्या माणसाला मवाळ आणि जहाल हे गट समजावून सांगायला नकोत.

या वादाचं परीक्षण करताना पात्रांची ओळख करून द्यायला हवी. पहिलं पात्र इतिहासवाला. तो कुठलंही वाक्य १९११ पासून सुरू करतो. बचावफळीतल्या खेळाडूने काल पास चुकवला, या विषयावर यायला त्याला अर्धा तास लागतो, कारण वाटेत ईस्ट यॉर्कशायर लागते. दुसरं पात्र हिशेबवाला. त्याचा प्रश्न एकच, "मालक गेला तर पगार कोण देणार, तुझे काका?" हा माणूस कोणालाच आवडत नाही आणि त्याला उत्तरही कोणी देत नाही. तिसरं पात्र म्हणतं, "जिंकतोय ना? मग झालं तर." हे पात्र संघ हरला की रंगमंचावर दिसत नाही. चौथं पात्र चषकमोजणी अधिकारी. २०१९-२० च्या मोसमात बागानने आय-लीग जिंकली आणि ए.टी.के.ने इंडियन सुपर लीग. म्हणजे लग्नाच्या वेळी नवरा आणि नवरी दोघेही पदक घालून आले. मग ए.टी.के.ने २०१४, २०१६ आणि २०२० साली मिळवलेले तीन चषक आता कोणाच्या कपाटात धरायचे? सासरच्या की माहेरच्या? या प्रश्नावर जितकी शाई आणि जितका घसा खर्च झाला तितका आमच्याकडे वाटणीच्या दाव्यातही होत नाही.

पाचवं पात्र मात्र माझं आवडतं: प्रसिद्धीखात्याचा टीकाकार. तो सामना बघतो की नाही याची मला शंका आहे, पण क्लबने काढलेलं प्रत्येक पत्रक बघतो. फलकावर मोहन बागान किती मोठ्या अक्षरांत आणि ए.टी.के. किती, तो पट्टीने मोजेल. लोक त्याला हसतात. मी हसत नाही. उभा जन्म परिपत्रकं वाचण्यात गेलेल्या माणसाला त्याची कदर आहे. मालकाच्या मनातलं भाषणात कळत नाही, अक्षरांच्या आकारात कळतं.

आणि प्रसिद्धीखात्यांच्या भाषेबद्दल बोलायचंच तर, जगात कुठल्याही क्लबचं असो वा बँकेचं, त्याचं व्याकरण एकच. त्यात कर्ता नसतो. 'निर्णय घेण्यात आला आहे', 'विचार करण्यात येत आहे', 'सहकार्य अपेक्षित आहे'. घेतला कोणी, करतोय कोण, अपेक्षा कोणाची? शाळेत प्रयोग ओळखायला सांगत, तेव्हा आम्ही कर्मणी आणि भावे यांत गोंधळायचो. पुढे नोकरीत कळलं की जबाबदारी टाळायची असेल तर दोन्ही चालतात. कलकत्त्याच्या पाठीराख्यांचं सगळं भांडण, नीट पाहिलं तर, या हरवलेल्या कर्त्याचा शोध आहे. संघाचं नाव ठेवण्यात आलं. कोणी ठेवलं? आम्हांला विचारलं का?

शेजारच्या ईस्ट बेंगालमध्ये तर हाच प्रयोग उलट्या बाजूने झाला. तिथे २०२० साली श्री सिमेंट आली, आणि अंतिम करारावर क्लबचेच पदाधिकारी सही करीनात. २१ जुलै २०२१ रोजी पाठीराखे क्लबच्या दाराशी जमले. काही म्हणत होते सही करा, काही म्हणत होते करू नका. दोन्ही गट भिडले आणि पोलिसांनी लाठी चालवली. लाठीला अर्थातच करार वाचता येत नसल्यामुळे तिने दोन्ही बाजूंना समान वागणूक दिली. २०२२ साली सिमेंट गेली आणि इमामी आली. एका तंबूत पैसेवाला घुसला म्हणून ओरड, दुसऱ्या तंबूत पैसेवाला चालला म्हणून ओरड. वरवर पाहणारा म्हणेल, या लोकांना हवंय तरी काय? पण दोन्हीकडची तक्रार एकच होती. घर आमचं, आणि बोलणी बंद खोलीत.

आता दुसऱ्या अंकाचा पडदा. १८ मार्च २०२३, गोव्यात मडगावजवळच्या फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामना. बंगळुरूशी २-२ अशी बरोबरी, पेनल्टीवर ४-३ असा विजय. आणि चषकाच्या आनंदात खुद्द गोयंकांनी जाहीर केलं की ए.टी.के. ही अक्षरं जाणार. तीन वर्षं जे फलक दाखवून, घोषणा देऊन मागितलं ते मिळालं! नवं नाव, मोहन बागान सुपर जायंट.

इथे पुण्याच्या वाचकाने कान टवकारले असतील. हे 'सुपर जायंट' प्रकरण आपल्या ओळखीचं आहे. २०१६ साली याच गोयंकांचा क्रिकेटचा संघ पुण्यात होता, रायझिंग पुणे सुपरजायंट्स. पहिल्या वर्षी तो सातवा आला. २०१७ साली कर्णधार धोनीच्या जागी स्टीव्ह स्मिथ आला आणि नावातला शेवटचा 'स' गेला. सुपरजायंट्सचं सुपरजायंट झालं. अनेकवचनाचं एकवचन! त्या वर्षी संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि मुंबईकडून एका धावेने हरला. 'स' ठेवला असता तर ती एक धाव निघाली असती की काय, हे ज्योतिषांनी सांगावं. मुदत दोनच वर्षांची होती, ती संपली आणि संघ गेला. फुटबॉलचा एफ.सी. पुणे सिटी २०१४ ते २०१९ नांदला आणि तोही गेला. त्याची जागा हैदराबादने घेतली.

पुण्यात त्यावर काय झालं? हळहळलं असेल कोणी कोणी. पण मोर्चा निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ज्या शहरात दुकानाच्या पाटीवरच्या ऱ्हस्व-दीर्घावरून गिऱ्हाईक मालकाला बाहेर बोलावतं, त्या शहरात आख्खा 'स' गेला, मग आख्खा संघ गेला, आणि कोणी पाटीखाली उभं राहून विचारलं नाही. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक बडोदा बँकेत विलीन झाली. मुंबईत जन्मलेली बँक, गल्लीगल्लीत पाट्या, त्या उतरल्या. 'रिमूव्ह बडोदा' असा फलक घेऊन कुठला खातेदार उभा राहिला? खातेदाराने पासबुक बदलून घेतलं आणि तो घरी गेला. हा खातेदार आणि पाठीराखा यांच्यातला फरक आहे. खातेदाराला व्याज मिळतं म्हणून तो गप्प बसतो. पाठीराख्याला काहीच मिळत नाही, उलट तोच तिकिटाचे पैसे भरतो, आणि तरी मालकी सांगतो.

तेव्हा कौतुक झालं. आता परीक्षकाचं कर्तव्य करतो, म्हणजे दोष दाखवतो. नाव बदललं त्या दिवशी कलकत्त्याने लढाई जिंकली असं मानलं. माझ्या मते तिथेच नाटककार चुकला. खात्यावर दोघांची नावं आहेत यात समाधान मानणारी माणसं मी रोज पाहतो. प्रश्न विचारायचा असतो तो असा, की चेकवर सही कोणाची चालते? पाटीवरची तीन अक्षरं गेली, ऐंशी टक्के जिथल्या तिथेच राहिले. पुढे चषक येत राहिले. २०२४-२५ च्या मोसमात तर लीगची शील्ड आणि चषक दोन्ही घरी आले, आणि विचारणारे अधिकच गप्प झाले. मग आशियाई स्पर्धेत इराणला जायची वेळ आली. २०२४ साली सुरक्षिततेच्या कारणावरून संघ तब्रिझला गेला नाही. २०२५ साली इस्फहानला गेला नाही. दोन्ही वेळा स्पर्धेतून माघार घेतल्याचं धरण्यात आलं. परदेशी खेळाडू जायला तयार नव्हते, आणि कोणाचा जीव कोणाच्या चषकापेक्षा स्वस्त नसतो, हे मला मान्य आहे. कदाचित निर्णय बरोबरच असेल. पण पाठीराखे पुन्हा त्याच दारात उभे राहिले, त्याच वाक्याने: आम्हांला विचारलं का? विचारणार कसे? २०२० साली पाटीवर भांडण झालं, सहीवर झालंच नाही. वीस टक्क्यांना कोणत्या गोष्टी आधी सांगायच्या आणि कोणत्या विचारायच्या, एवढी एक यादी मागितली असती तर ती 'रिमूव्ह ए.टी.के.'इतकी फलकावर शोभली नसती हे खरं. यादीला टाळ्या मिळत नाहीत. पण कामाला तीच येते.

परीक्षणाच्या शेवटी प्रयोग पाहावा की न पाहावा, हे सांगायची रीत आहे. जरूर पाहावा. पात्रं गरजेपेक्षा जास्त आहेत, पहिलं पात्र लांबण लावतं, तिसरं ऐन वेळी गायब होतं, आणि हिशेबवाल्याला त्याचं उत्तर लेखकाने शेवटपर्यंत दिलेलं नाही. त्याला ते मिळायलाच हवं, कारण पगाराचा प्रश्न इतिहासाने सुटत नाही. पण एवढा जिवंत प्रेक्षक आपल्याकडच्या कुठल्या थिएटरात मिळत नाही. तिकीट काढतो, खुर्चीत बसत नाही, आणि निर्मात्याला सांगतो की नाटक माझ्या आजोबांचं आहे. निर्मात्याच्या ऐंशी टक्क्यांचा कागद कपाटात आहे. या माणसाचा कागद कुठेच नाही. तरी निर्मात्याला तीन अक्षरं खोडावी लागली, हे विसरू नका. सहीची पाळी अजून यायची आहे.