शेजाऱ्याचा दर म्हणजे कंट्रोल नव्हे



सिनॉप्सिसमधलं सगळ्यात पटकन लिहून होणारं वाक्य कोणतं, सांगू? ‘अमुकची तुलना तमुकशी केली जाईल.’ एका ओळीत काम होतं. पण तो तमुक तुलनेच्या लायकीचा आहे का, हे आपण क्वचितच तपासतो. आज एका कायद्यातली अशीच तुलना तपासू. विषय जरा लांबचा आहे: अमेरिकेतली कॅम्पग्राउंड, म्हणजे तंबू ठोकून किंवा गाडी लावून रात्र काढायच्या जागा.

या जागा काही सरकारी आहेत, राष्ट्रीय उद्यानांत आणि वनखात्याच्या जमिनीवर. काही खासगी आहेत. त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव केओए. १९६२ मध्ये मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज इथे तिची सुरुवात झाली, रात्रीचे पावणेदोन डॉलर घेऊन. खासगी मालकांची तक्रार जुनी आहे. आम्ही जमीन विकत घेतो, कर्जाचे हप्ते फेडतो, मालमत्ता कर भरतो. सरकारला यातलं काहीच नाही, वर करदात्यांच्या पैशांतून ते स्वस्तात जागा देतं. मग ही स्पर्धा न्याय्य कशी? तक्रारीत तथ्य आहे, हे आधीच मान्य करू.

२००४ च्या ‘फेडरल लँड्स रिक्रिएशन एन्हान्समेंट ॲक्ट’मध्ये यावर एक तोडगा सापडतो. फी सुविधांच्या मानाने योग्य असावी, आणि ती ठरवताना इतर सरकारी संस्था व जवळपासचे खासगी व्यावसायिक काय दर घेतात तेही बघावं, असं हा कायदा सांगतो. फीमागचा सार्वजनिक हेतू विचारात घ्या, हेही त्याच यादीत आहे. पण हेतू तक्त्यात भरता येत नाही. शेजारचा दर मात्र एका फोनवर कळतो. जे सहज मोजता येतं त्याचं वजन आपोआप वाढतं, हे तुम्हाला लॅबमध्येही दिसेल. माझे आक्षेप तीन आहेत.

पहिला, वस्तू एकच नाही. खासगी जागेत बहुधा वीजजोडणी, गरम पाणी, दुकान, कुठे कुठे पोहण्याचा तलावही असतो. वनखात्याच्या कित्येक जागांवर एक टेबल, शेकोटीचं कडं आणि साधा संडास, बस. ‘एका रात्रीचा दर’ हे एकक दोन्हीकडे सारखं दिसतं, पण आतला माल वेगळा आहे.

दुसरा आक्षेप सगळ्यात महत्त्वाचा: शेजारी स्वतंत्र नाही. समोर स्वस्त सरकारी जागा असेल तर खासगी मालकाला दर फार चढवता येत नाही. म्हणजे ज्या दराशी आपण तुलना करतोय, तो सरकारी दरानेच दाबलेला आहे. उद्या सरकारने फी वाढवली की शेजाऱ्यालाही वाढवायला मोकळीक. पुढच्या पाहणीत पुन्हा फरक दिसणार आणि पुन्हा वाढीला कारण मिळणार. शिवाय प्रभाव उलटाही असतो. यलोस्टोनच्या पश्चिम दाराशी वेस्ट यलोस्टोन नावाचं गाव आहे. तिथल्या खासगी कॅम्पग्राउंडना गिऱ्हाईक मिळतं ते मुख्यतः शेजारी १८७२ पासून राखलेलं उद्यान आहे म्हणून. ही मदत मालकांच्या तक्रारीत कुठेच मोजलेली नसते.

तिसरा, गटांची सीमाच पुसट आहे. वनखात्याची अनेक कॅम्पग्राउंड परवाना घेतलेले खासगी ठेकेदार चालवतात. त्यांना कोणत्या रकान्यात टाकणार?

हे सगळं मी शहाणपणाने सांगत नाहीये. माझ्या पहिल्या वर्षाच्या प्रस्तावात हीच चूक होती. गवताळ माळाचा एक तुकडा कुंपण घालून राखायचा आणि कुंपणाबाहेरचा लगतचा तुकडा कंट्रोल धरायचा, असा माझा बेत. सरांनी एकच विचारलं, “कुंपण घातल्यावर आतली गुरं जाणार कुठे?” जाणार कुठे, बाहेरच्याच तुकड्यात! म्हणजे माझ्या कंट्रोलवर दुप्पट चराई, आणि फरक दिसला की मी म्हणणार, बघा कुंपणाचा परिणाम. तेव्हा चूक फक्त माझ्या वहीत होती. कायद्यात ती असली की तिची किंमत तंबू घेऊन निघालेलं कुटुंब भरतं. आणि फी परवडली नाही म्हणून घरीच राहिलेला माणूस पर्यटकांच्या सर्वेक्षणात सापडत नाही, कारण सर्वेक्षण आलेल्यांचंच होतं.

मग करायचं काय? तुलना टाकून द्या, असं मी म्हणत नाही. प्रश्न वेगळे करा. सरकारी जागेचा खरा खर्च किती, हा एक प्रश्न. त्यातला किती भाग समाजाने उचलावा, हा दुसरा, आणि तो मूल्यांचा आहे. ज्येष्ठांना पासवर काही सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये निम्मी सवलत मिळते, ती बाजारभाव बघून ठरलेली नाही. शेजाऱ्याचं खरंच नुकसान होतं का, हा तिसरा. त्यासाठी दर वाढण्याआधीची आणि नंतरची त्याची गिऱ्हाइकी बघा, आणि जोडीला सरकारी जागेचा प्रभाव पोचत नाही अशी लांबची खासगी जागाही घ्या.

आता थोडा गृहपाठ. समजा, कार्ल्याचं एमटीडीसीचं पर्यटक निवास आणि पवना धरणाकाठचे खासगी तंबू यांची तुलना तुम्हाला करायची आहे. एकक काय धराल? एकाचा दर दुसऱ्यावर परिणाम करतो का, हे कसं तपासाल? आणि जो आलाच नाही, त्याला कुठे शोधाल? तीन उत्तरं एका पानावर लिहा आणि मगच ‘तुलना केली जाईल’ हे वाक्य लिहायला घ्या.