सर्पदंशाचा तक्ता काय शिकवतो?

पावसाळा तोंडावर आला की खेड्यापाड्यांतल्या अनेक शाळांत एक तक्ता भिंतीवर चढतो : 'सर्पदंश व प्रथमोपचार'. शैक्षणिक साहित्याच्या दुकानात तो पचनसंस्था आणि फुलपाखराचा जीवनक्रम यांच्या शेजारी टांगलेला मिळतो. असे चार-पाच तक्ते आम्ही एकत्र पसरून पाहिले. छापणारे निरनिराळे, पण मजकूर जवळजवळ एकच. वर फणा काढलेला नाग. त्याखाली दोन पावले; एकावर दोन ठळक ठिपके म्हणजे 'विषारी', दुसऱ्यावर अर्धगोलात बारीक ओरखडे म्हणजे 'बिनविषारी'. मग सूचना : दंशाच्या वर दोरी करकचून बांधा, ब्लेडने चीर द्या, रक्त वाहू द्या, साप मारून डॉक्टरांना दाखवायला न्या. 'रोग्यास रुग्णालयात न्या' ही ओळ बहुतेक ठिकाणी अगदी शेवटी येते. आमचा मुख्य आक्षेप या क्रमालाच आहे. पण आधी सूचनांकडे वळू.

दोरीमागची कल्पना अशी की विष रक्तातून थेट हृदयाकडे जाते, तेव्हा वाट बंद करावी. प्रत्यक्षात सापाच्या विषातील बरेचसे घटक म्हणजे मोठ्या रेणूंची प्रथिने. ती दंशाच्या जागेवरून प्रामुख्याने लसिकावाहिन्यांतून पुढे सरकतात, आणि लसिका वाहते ती स्नायूंच्या हालचालीने. म्हणून पाय हलू न देणे, फळी किंवा काठी लावून तो मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवणे आणि मुलाला चालू न देणे हे शास्त्राला धरून आहे. करकचून बांधलेल्या दोरीने मात्र त्या अवयवाचा रक्तपुरवठाच तुटतो. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर त्यांचे विष आधीच तेथील मांस कुजवत असते. दोरीने ते काम पुरे होते. नाग किंवा मण्यार असेल तर वाटेत कोणीतरी दोरी सोडतो, अडवलेले विष एकदम पसरते आणि श्वास थांबू शकतो. दोरी आधीच कोणी बांधली असेल, तर ती आपण सोडू नये, रुग्णालयातच सोडू द्यावी, हेही एकाही तक्त्यावर नाही.

चीर देण्याची सूचना तर भयंकर आहे. घोणशीचे विष रक्त गोठवणाऱ्या घटकांना एकाच वेळी कामाला लावते. ते सगळे खर्च झाले की उरलेले रक्त गोठतच नाही. अशा मुलाच्या पायाला ब्लेड लावायचे! रुग्णालयात याच गुणधर्माचा उपयोग निदानासाठी करतात. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत सुमारे २ मिलिलिटर रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरपी करायची. रक्त वाहिले तर विष भिनले आहे. इतकी साधी, इतकी सुंदर कसोटी तक्त्यावर असती तर शास्त्राच्या तासाला केवढा विषय मिळाला असता! (अर्थात ती शाळेत करून पाहायची नाही.)

मग असा तक्ता इतकी वर्षे टिकला कसा? चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. त्यामुळे दोरी बांधलेली बरीच माणसे वाचतात आणि श्रेय दोरीला मिळते. मांत्रिकाची कीर्तीही याच हिशेबावर उभी आहे. दोरी न बांधता किती वाचले असते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मंत्राला हसणारे आपण तक्त्याला हसत नाही, कारण तो छापलेला असतो.

दोन ठिपक्यांच्या चित्राबद्दल आमची तक्रार अधिक गंभीर आहे. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिचे दात बारीक. खूण बहुधा दिसत नाही, सूज नाही, वेदनाही जवळजवळ नाही. पहाटे मुलाचे पोट दुखते, उलटी होते, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात. पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाकडे पाहून तक्ता पाठ असलेल्या शिक्षकाच्या मनात सापाचा विचारही येणार नाही.

आणि ठिपके शोधण्यात वेळ जातो. केरळमधील वायनाड जिल्ह्यात नोव्हेंबर २०१९ मध्ये एका सरकारी शाळेत, भर वर्गात, जमिनीतील भोकातून निघालेल्या सापाने पाचवीतल्या मुलीला दंश केला. तिला रुग्णालयात नेण्यात शाळेकडून उशीर झाल्याचा आरोप झाला, मुलगी दगावली. मुलांच्या बाबतीत घाईचे आणखी एक कारण आहे. साप माणूस पाहून विषाचे माप ठरवत नाही. तेवढेच विष लहान शरीरात अधिक वेगाने परिणाम करते, आणि म्हणूनच प्रतिविषाची मात्राही मुलांना मोठ्यांइतकीच देतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली. त्यांतली पावहून अधिक पंधरा वर्षांखालची होती.

आपल्याकडे सर्रास मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एकच असते. त्यामुळे साप ओळखण्यासाठी थांबायला नको, तो मारण्याच्या नादात दुसरा दंश ओढवून घ्यायला तर नकोच. ज्या तक्त्याने 'गाडी बोलवा' हे पहिले सांगायचे, तो शिक्षकाच्या हातात ब्लेड देतो. उपचार आणि प्रथमोपचार यांतला फरकच तक्ता करणाऱ्यांनी पुसून टाकला आहे.

तक्ता फाडून टाका असे आम्ही म्हणत नाही. सापांची चित्रे काहींमध्ये खरोखर चांगली आहेत. एकात घोणशीच्या अंगावरची साखळी इतकी नेमकी काढली आहे की अजगराचे पिल्लू म्हणून तिला उचलायला जाणारा मुलगा दोनदा विचार करील. वरचा भाग राहू द्यावा. नेपाळच्या तराईत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचे दिसले. अंथरुणाखाली कडा खोचलेल्या मच्छरदाणीचे एक चित्र आपल्याच मुलांकडून काढून घेऊन शेजारी लावता येईल.

खालच्या अर्ध्या भागावर मात्र कोरा कागद चिकटवावा आणि त्यावर जाड अक्षरांत कोणत्याही छापखान्याला माहीत नसलेल्या गोष्टी लिहाव्यात : प्रतिविष असलेले सर्वांत जवळचे आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय कोणते, त्याचा दूरध्वनी क्रमांक, १०८ ची गाडी यायला वेळ लागणार असेल तर गावात कोणाची जीप मिळेल, तीही नसेल तर मोटारसायकलवर मुलाला मध्ये धरून कोण बसेल, आणि उरलेला वर्ग कोण सांभाळेल. लिहिण्याआधी केंद्रात एक फोन करावा. लस शिल्लक आहे का, एवढेच विचारून भागणार नाही. रात्री आणि रविवारी ती टोचायला कोण असते, तेही विचारावे.