माध्यमिक अभ्यासक्रमातील समाजसेवा : श्रेणी, वही आणि गाव

माध्यमिक शाळेच्या गुणपत्रकात ज्या विषयांपुढे गुणांऐवजी केवळ श्रेणी छापली जाते, त्या विषयांचे स्थान शिक्षक, पालक आणि विद्यार्थी या तिघांच्याही मनात पूर्वीच ठरलेले असते. कार्यानुभव, समाजसेवा आणि अलीकडच्या काळात नववी-दहावीसाठी आलेली जलसुरक्षा हे असे विषय होत. त्यांचे तास वेळापत्रकात असतात. पण अभ्यासक्रम मागे पडला की प्रथम तेच तास गणित किंवा इंग्रजीकडे वळविले जातात. वर्षाच्या अखेरीस प्रकल्पवही तपासली जाते. ती तयार स्वरूपात बाजारात मिळते, हे तपासणाऱ्यासही ठाऊक असते.

या स्थितीचे खापर शिक्षकांच्या उदासीनतेवर फोडण्याची प्रथा आहे. प्रस्तुत विवेचनाचा रोख वेगळा आहे. समाजसेवेला अभ्यासक्रमात जागा देताना तिचे मूल्यमापन कोणी करावयाचे, हा प्रश्न नीट विचारला गेला नाही. दोष त्या रचनेत आहे.

धोरणाच्या पातळीवर मात्र उणीव दिसत नाही. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून आणि झाकिर हुसेन समितीच्या अहवालातून नई तालीमची योजना पुढे आली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव आणि समाजसेवा यांना शिक्षणाचे अविभाज्य अंग मानले. कनिष्ठ माध्यमिक स्तरावर एकूण ३०, उच्च माध्यमिक स्तरावर २० आणि पदवी स्तरावर ६० दिवसांची सेवा सुचविली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ ही संज्ञा रूढ केली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणात पुन्हा कार्यानुभव आला. संज्ञा बदलत गेल्या. मात्र या प्रवासात एक गोष्ट हळूहळू गळून पडली. सेवाग्रामच्या शाळेत सफाई हा अभ्यासाचा विषय होता. कचऱ्याचे खत कसे होते, रोग कसा पसरतो, हे त्या कामातूनच शिकविले जाई. पुढील काळात सफाई राहिली, अभ्यास निघून गेला. २ ऑक्टोबरला पटांगण झाडून घेणे एवढाच तिचा अवशेष आज अनेक शाळांत उरला आहे. त्यातही झाडू कोणत्या मुलांच्या हाती प्रथम दिला जातो, हा प्रश्न आपल्या समाजात निरागस नाही.

सक्तीची सेवा ही अडचण केवळ भारतापुरती नाही. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने १९९२ मध्ये शालान्त पदवीसाठी ७५ तासांची सेवा अनिवार्य केली. अशी अट घालणारे ते तेथील पहिले राज्य. या अटीच्या परिणामांचा सारा हेल्म्स यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवीतील मुलांचे सेवाकार्य वाढले, परंतु बारावीतील मुलांचे घटले, असे त्यात दिसून आले. तास लवकर भरून टाकले की काम संपले, असा त्याचा सरळ अर्थ लावता येतो. आपल्याकडे वही भरून काम संपते, एवढाच फरक.

पाचोरा तालुक्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. ‘समाजसेवा’ या कल्पनेत सेवा करणारा विद्यार्थी समाजाच्या बाहेर, किंचित वरच्या पायरीवर उभा आहे, असे गृहीत धरलेले असते. शहरातील सुस्थित घरातून आलेल्या मुलाला वस्तीत नेले, तर हे गृहीत काही अंशी लागू पडेल. खानदेशातील काळ्या मातीच्या गावात नववीत शिकणारा मुलगा दिवाळीच्या सुमारास स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचीत असतो. त्याच दिवसांत शाळेच्या हजेरीपटावर त्याची गैरहजेरी लागते. त्याची बहीण पाणी भरते, धाकट्या भावंडांना सांभाळते. या मुलांना श्रमाची ओळख करून देण्यासाठी श्रमदानाचा तास ठेवणे ही शाळेची थट्टा ठरते. त्यांना श्रमाची नव्हे, आपल्या श्रमाशी जोडलेल्या ज्ञानाची उणीव आहे. आणि ते ज्ञान देणे हेच तर शाळेचे काम आहे.

खानदेशात या विषयाची चर्चा निघाली की साने गुरुजींचे नाव येणे अपरिहार्य असते. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्यावर होती. मुलांच्या खोल्या स्वच्छ करणे, आजारी मुलाची शुश्रूषा करणे ही कामे ते स्वतः करीत. ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिकही त्यांनी चालविले. या उदाहरणाचा उपयोग बहुधा भावपूर्ण भाषणापुरता केला जातो. त्यातील शैक्षणिक आशय निराळा आहे. तेथे सेवेची सुरुवात शिक्षकाने केली, मुलांकडे ती उपदेशाने नव्हे तर सहवासाने गेली, आणि सेवा नीट झाली की नाही हे आजारी मुलाला कळत होते; त्यासाठी वहीची गरज नव्हती. तथापि या उदाहरणाची मर्यादाही मान्य केली पाहिजे. ते एका व्यक्तीवर उभे होते. १९३० मध्ये गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले; अशी व्यक्ती निघून गेल्यावर ती रीत टिकवील असे अभ्यासक्रमात काहीच नव्हते.

व्यक्तीऐवजी अभ्यासक्रमावर उभे राहिलेले उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे सापडते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. औद्योगिक संशोधनातील अनुभव असलेल्या या वैज्ञानिकाने आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम उभा केला. आठवड्यातील एक दिवस, आणि अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन व गृह-आरोग्य अशी चार क्षेत्रे, अशी त्याची मांडणी आहे. माध्यमिक मंडळाने त्यास विषय म्हणून मान्यता दिली आणि तो पाबळबाहेरील अनेक शाळांतही गेला. मुले माती तपासतात, रक्तगट व रक्तातील हिमोग्लोबिन तपासतात, विजेची जोडणी करतात. आणि ही कामे गावासाठी, गावाच्या मागणीवरून होतात. येथे मूल्यमापनाचा प्रश्न आपोआप सुटतो. मातीचा अहवाल चुकला, तर शेतकरी दुसऱ्यांदा येत नाही. श्रेणी देणारा शिक्षक असला, तरी खरा परीक्षक बाहेर बसलेला असतो.

पाबळची नक्कल पाचोऱ्यात जशीच्या तशी होणार नाही, आणि होऊही नये. येथील प्रश्न येथील आहेत. गिरणेच्या खोऱ्यातील कठीण बेसॉल्ट खडकात विहिरींची पातळी पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात किती बदलते, हे माध्यमिक शाळेतील मुलांना दोरी आणि मोजपट्टी घेऊन, शिक्षकाच्या देखरेखीखाली, नोंदविता येते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पण गावातील प्रत्येक विहीर त्यांत येत नाही. भूगोलाचा खडक, विज्ञानातील पाणी आणि गणितातील आलेख या एका नोंदवहीत एकत्र येतात. ती नोंदवही ग्रामसभेत वाचली गेली, तर ‘जलसुरक्षा’ या विषयाला श्रेणीपलीकडचा अर्थ प्राप्त होईल.

अर्थात येथे धोकाही आहे. कोणाच्या विहिरीला पाणी आहे आणि कोणत्या वस्तीला नाही, हे आकड्यांत मांडले की ते सर्वांनाच रुचेल असे नाही. हिमोग्लोबिन तपासणीत मुलींचे आकडे कमी निघाले, तर ते कोणाला सांगावयाचे आणि कोणाला नाही, हे शाळेस आधी ठरवावे लागेल. पटांगण झाडण्याने कोणीच दुखावत नाही. सेवेचा तो प्रकार इतका लोकप्रिय होण्याचे हेही एक कारण असावे. शिक्षकांवरील निवडणूक, सर्वेक्षण आणि माहिती भरण्याच्या कामांचा बोजाही दृष्टीआड करता येत नाही.

महाविद्यालयीन प्राध्यापकांचा या प्रश्नाशी संबंध येतो तो राष्ट्रीय सेवा योजनेच्या निमित्ताने. १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकास दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर करावे लागते. दत्तक गावात शिबिर उभे राहते. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम असा क्रम असतो, आणि आठव्या दिवशी वाहन परत फिरते. त्या गावात, किंवा शेजारच्या गावात, माध्यमिक शाळा असते आणि ती वर्षभर तेथेच असते. महाविद्यालयाकडे प्रयोगशाळा आहे, शाळेकडे गाव आहे. तरीही शिबिराच्या अहवालात शाळेचा उल्लेख मुक्कामाची जागा म्हणून येतो, आणि शिबिरार्थींनी केलेले सर्वेक्षण शाळेच्या हाती सहसा पडत नाही.