रॅम्पवरचे वस्त्र आणि अंगवळणी पडलेले वस्त्र

प्रास्ताविक

फॅशन वीकविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. पहिल्यात वृत्तपत्री कौतुक असते, तर दुसऱ्यात चंगळवादाचा निषेध. दोहोंतही वस्त्राकडे वस्त्र म्हणून पाहणे राहून जाते. प्रस्तुत लेखात रॅम्पवरील सादरीकरण आणि रॅम्पबाहेरची वेशभूषा यांचा संबंध मीरा-भाईंदर परिसराच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

रॅम्पने काय दिले?

भारतातील पहिला फॅशन वीक २००० साली दिल्लीत झाला. २००६ पासून मुंबईत लॅक्मे फॅशन वीक स्वतंत्रपणे भरू लागला आणि २०२१ मध्ये दिल्लीच्या फॅशन डिझाइन कौन्सिलशी तो पुन्हा जोडला गेला. नवोदितांना संधी देणारा ‘जेन नेक्स्ट’ हा उपक्रम ही त्याची महत्त्वाची देणगी म्हणावी लागेल. राहुल मिश्रा २००६ मध्ये केरळच्या हातमागाचे कापड घेऊन याच मंचावरून पुढे आले. २०१४ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय वूलमार्क पारितोषिक मिळाले आणि २०२० च्या जानेवारीत पॅरिसच्या ‘ओत कुत्यूर’ सप्ताहात त्यांचा संग्रह सादर झाला. संथ हातकामामुळे कारागिराच्या हाताला काम मिळते, ही त्यांची भूमिका आहे. त्यामुळे रॅम्प म्हणजे केवळ श्रीमंतांचा खेळ, हा आक्षेप अपुरा ठरतो. विणकर आणि भरतकाम करणारा यांच्यापर्यंत रॅम्पचा लाभ पोहोचू शकतो.

मात्र या व्यवहारात तिसरा घटक दुर्लक्षित राहतो, तो म्हणजे वस्त्र नेसणारी व्यक्ती. ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द फॅशनच्या परिभाषेत सैलपणे वापरला जातो. कापड पुन्हा विणले गेले की पुनरुज्जीवन झाले, असे मानले जाते. परंतु साडी ही शिवलेली वस्तू नव्हे. ती नेसण्यातून आकार घेते. वीण जगली आणि नेसण मेली, तर जे उरते ते कापड असते.

कुणबी साडीचे उदाहरण

या दृष्टीने गोव्याचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांचे कार्य अभ्यासण्याजोगे आहे. भातशेतीत राबणाऱ्या स्त्रियांची लाल चौकड्यांची सुती कुणबी साडी त्यांनी फॅशन वीकच्या मंचावर नेली. मूळची साडी तोकडी, चिखलात वावरताना आड न येणारी आणि खांद्यावर गाठ मारून नेसण्याची होती. रॉड्रिक्स यांनी तिची लांबी वाढवली व लाल रंगापलीकडच्या छटाही आणल्या. हे बदल विक्रीसाठी आवश्यक असतीलही. पण त्यांबरोबर गाठीमागचे श्रमाचे कारण मागे पडले, हेही नोंदवले पाहिजे. रॉड्रिक्स यांचे वेगळेपण असे की, ते रॅम्पवर थांबले नाहीत. ‘मोडा गोवा’ (२०१२) या ग्रंथात त्यांनी गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास मांडला आणि कोलवाळ येथे वस्त्रसंग्रहालयाचा ध्यास घेतला. माझ्या मते त्यांच्या साड्यांपेक्षा ही नोंद अधिक टिकाऊ आहे.

उत्तनचे लुगडे आणि भाईंदरची लोकल

अशी नोंद मीरा-भाईंदरला आवश्यक आहे. २००२ साली महानगरपालिका झालेल्या या शहराची ओळख उंच इमारतींनी झाकली गेली आहे. त्याच्या पश्चिम टोकाला उत्तन, पाली, डोंगरी ही गावे आहेत. तेथील कोळी ख्रिस्ती व ईस्ट इंडियन स्त्रियांचे सुती चौकड्यांचे लाल लुगडे कुणबी साडीचे जवळचे नातलग शोभावे असे आहे. आज ते मुख्यतः वयस्क स्त्रियांच्या अंगावर आणि लग्नात, सणासुदीला दिसते. रोजचे वस्त्र समारंभाचे झाले, की त्याची चाल बदलते: कष्ट करताना नेसलेले लुगडे वेगळे आणि छायाचित्रासाठी नेसलेले वेगळे.

दुसरीकडे, याच शहरातून रोज चर्चगेटच्या दिशेने निघणाऱ्या स्त्रियांनी स्वतःची एक वेशशैली घडवली आहे. मे १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली मार्गावर महिला विशेष लोकल सुरू झाली व पुढे ती विरारपर्यंत नेण्यात आली. गर्दीच्या डब्यात ओढणी अडकू नये म्हणून मारलेली गाठ, पिनांनी घट्ट बसवलेला पदर, छातीशी धरलेली पिशवी यांना कोणी डिझायनर नाही. तरीही वस्त्र, देह आणि श्रम यांचा मेळ घालण्याची हीच ती बुद्धी, जिने कुणबी साडीची गाठ घडवली.

निष्कर्ष

नव्या डिझायनरच्या कामाचे मूल्यमापन करताना कापड कोणी विणले, या प्रश्नाला आता समीक्षेत स्थान मिळाले आहे. ते पूर्वी कोण, कोणते काम करताना, कसे नेसत होते, हा प्रश्नही तितकाच आवश्यक आहे. त्याचे उत्तर कापडाच्या नमुन्यात सापडत नाही. ते नेसणाऱ्या स्त्रीच्या हातात असते आणि तिच्याबरोबर नाहीसे होते. उत्तनच्या वृद्ध स्त्रियांकडून लुगड्याची नेसण, तिचे प्रकार व त्यांची कारणे नोंदवणे हे परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी, समाजशास्त्र व इतिहास विभागांना क्षेत्रीय प्रकल्प म्हणून सहज करता येईल. त्याला रॅम्पची गरज नाही. मात्र फार काळ थांबण्याची सवडही नाही.