फितूर सैनिकांचा दृष्टान्त

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी येथे शिक्षकांशी बोलताना आम्ही मल्टिपल स्क्लेरॉसिस या मेंदूच्या विकाराचे नेहमीचे वर्णन केले. मज्जातंतूंवर वायरीच्या वेष्टणासारखे मायेलिनचे आवरण असते. प्रतिकार करणाऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैन्य. ते फितूर होते आणि या आवरणावरच तुटून पडते. यावर एका ज्येष्ठ गुरुजींनी विचारले, “पूर्वी कुत्रे चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शने घेत. त्यांतल्या एखाद्याचे पाय लुळे पडत. ते सैनिक कोणी फितवले?” आमचा दृष्टान्त तेथेच कोलमडला.

प्रश्न रास्त होता. डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली कसौलीला विकसित केलेली रेबीजची लस पुढे मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून आणि तो फिनॉलने निष्प्रभ करून बनवीत. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही ती होत असे. लशीबरोबर मेंढीचे मायेलिनही रोज टोचले जाई. त्यातील प्रथिने माणसाच्या प्रथिनांशी बरीच जुळतात. थायलंडमध्ये या लशीनंतर मेंदूदाह झालेल्या रुग्णांच्या अंगात मायेलिन बेसिक प्रोटीन या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. तो अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला.

फितुरीच्या दृष्टान्तात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे निरोगी माणसात असे सैनिक नसतातच. हेच चूक आहे. मायेलिनची प्रथिने ओळखणाऱ्या टी-पेशी धडधाकट माणसांच्या रक्तातही असतात, हे १९९० च्या सुमारास स्पष्ट झाले. त्या बहुधा सुप्त असतात. सुप्त पेशी मेंदूत फारशा शिरत नाहीत, चेतवलेल्या मात्र शिरतात. बेन-नून, वेकर्ले व कोहेन यांनी १९८१ साली या प्रथिनाविरुद्ध वाढवलेल्या टी-पेशी निरोगी उंदरांना टोचल्या, तेव्हा उंदरांना पक्षाघात झाला. म्हणजे रोगाचे मूळ पेशींच्या असण्यात नाही, त्या चेतवल्या जाण्यात आहे. सेंपल लशीने काही जणांत नेमके हेच केले. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये त्यांना कोण चेतवतो, याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. अमेरिकी सैनिकांच्या (खऱ्याखुऱ्या!) रक्तनमुन्यांच्या २०२२ सालच्या अभ्यासानंतर एप्स्टीन-बार विषाणूवरील संशय बळावला आहे.

वायरीची उपमा त्या मानाने बरी. पण वायरीचे वेष्टण निर्जीव असते. मायेलिन हे जिवंत पेशीचेच पटल आहे आणि ते थोडेफार पुन्हा तयार होते. झटक्यानंतर रुग्ण काही अंशी सावरतो, त्याचे हे एक कारण. फळ्यावर वायर काढणाऱ्याने निदान एवढे तरी सांगावे.

गुरुजींच्या प्रश्नामागे एक भीती होती. गावात आजही काही जण कुत्रे चावल्यावर सुई टाळतात. ‘लशीने काही होत नाही’ एवढ्यावर त्यांचे समाधान कसे व्हावे? त्यांनी पाहिलेले खोटे नव्हते. त्यांना सांगायला हवे की मेंढीच्या मेंदूपासून होणाऱ्या त्या लशीचे उत्पादन भारतात २००४ अखेर थांबले. आजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते आणि तिच्यात मेंदूचा अंश नसतो. उलट रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. हे ऐकल्यावर गुरुजींनी एवढेच विचारले, “मग आता सुई कुठे टोचतात?” आम्ही दंड दाखवला.