व्हिडिओ गेमची संहिता

व्हिडिओ गेम ही कला आहे काय, हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत बरीच वर्षे चर्चिला गेला. अमेरिकेतील चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट ह्यांनी २०१० च्या एप्रिलमध्ये तो नकारार्थी निकालात काढला. आणि त्याच वर्षीच्या जुलैत, ह्या खेळांचा पुरेसा परिचय नसताना आपण तसे लिहावयास नको होते, अशी कबुलीही दिली. पुढल्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रंथ, नाटके व चित्रपट ह्यांच्याप्रमाणे ह्या खेळांनाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे असा निर्णय दिला. २०१२ साली न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 'पॅक-मॅन', 'टेट्रिस' आदी चौदा खेळ आपल्या संग्रहात दाखल करून घेतले. ह्यानंतर तो वाद पुढे चालविण्यात आम्हांस फारसे स्वारस्य दिसत नाही. नाटक ही कला आहे काय, असे आज कोणी विचारले तर त्याला भरतमुनींचे नाव सांगून आपण पुढे जाऊ. तसेच थोड्याफार फरकाने येथेही करावे.

परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत जो दुसरा वाद उभा राहिला आहे, त्याकडे मात्र साहित्याच्या अभ्यासकांनी, विशेषतः अध्यापकांनी, लक्ष द्यावे असे आम्हांस आग्रहाने वाटते. विकत घेतलेला खेळ विकणाऱ्याने पुढे केव्हाही निकामी करावा काय, असा ह्या वादाचा विषय आहे. वरवर पाहता तो गिऱ्हाईक आणि दुकानदार ह्यांच्यामधील तंटा भासतो. आमच्या मते तो समीक्षेच्या मुळाशी जाणारा प्रश्न आहे. कारण समीक्षेला सर्वांआधी जी गोष्ट लागते, ती म्हणजे समोर असलेली, पुन्हा उघडून पाहता येणारी कृती.

ज्या प्रकरणाने हा वाद पेटला ते असे. 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ युबिसॉफ्ट ह्या फ्रेंच कंपनीने २०१४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केला. संयुक्त संस्थानांचा अवघा भूप्रदेश लहान प्रमाणात उभारून त्यावर खेळाडूला गाडी हाकू द्यावयाची, ही त्याची कल्पना. त्यातील कथानकाविषयी फार बरे बोलता येणार नाही. भावाचा खून, त्याचा सूड, टोळीत वेषांतराने शिरलेला नायक, ही सामग्री शिळी आहे आणि ती शिजविण्यातही काही विशेष नाही. पण खेळाचे खरे बळ कथानकात नव्हतेच. शर्यत बाजूला ठेवून एखाद्याने न्यू यॉर्कहून निघावे, मैदाने, डोंगर, वाळवंट मागे टाकीत पश्चिमेच्या समुद्राकाठी पोहोचावे, आणि वाटेत काहीही घडू नये, ह्यातच त्याचा रस होता. प्रवासवर्णनात ज्याला आपण वाटेचा आनंद म्हणतो, तो शब्दांवाचून देण्याचा हा प्रयत्न होता. आणि तो पुष्कळ अंशी साधलाही होता.

आता हा अभिप्राय आमच्या वाचकाने पडताळून पाहावा कसा? ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ह्या खेळाचे सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळावयाचा भागदेखील त्या सर्व्हरवाचून चालत नसल्यामुळे ज्यांच्या घरी खेळाची डिस्क आहे, त्यांच्याही हाती चकतीखेरीज काही उरले नाही. पुढे कित्येकांच्या खात्यांवरून त्याचा परवानाही काढून घेण्यात आला. २०२५ साली काही हौशी तंत्रज्ञांनी त्या सर्व्हरची प्रतिकृती स्वतःच घडवून संगणकावरील खेळ पुन्हा चालू केला. परंतु तो कंपनीने दिलेला मार्ग नव्हे. उद्या एखाद्या लेखकाने लिहिले की त्या खेळातील वाळवंट निर्जीव होते, तर आमचे खरे की त्याचे खरे हे ठरविण्यास रीतसर साधन उरलेले नाही. कृती नाहीशी झाली की समीक्षा ही ऐकीव गोष्ट होते.

ह्या घटनेनंतर रॉस स्कॉट ह्या अमेरिकी चित्रफीतकाराने २०२४ च्या एप्रिलमध्ये खेळांची ही हत्या थांबवा अशी हाक देणारी चळवळ सुरू केली. तिने युरोपीय संघापुढे मांडलेल्या अर्जावर २०२५ च्या जुलैत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. चळवळीची मागणी माफक आहे. कंपनीने सर्व्हर कायम चालवावे असे ती म्हणत नाही; बंद करताना खेळ चालू राहील अशी काही सोय मागे ठेवा, एवढेच म्हणते. ही मागणी अशक्य कोटीतील नाही, हे खुद्द युबिसॉफ्टनेच दाखविले. ह्या मालिकेतील पुढल्या दोन खेळांना सर्व्हरवाचून चालण्याची सोय देऊ, असे तिने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले.

चळवळीच्या मागणीशी आम्ही सहमत आहोत. तिच्या युक्तिवादाशी मात्र पूर्णपणे नाही. तिचा सारा भर ग्राहकाच्या हक्कावर आहे. पैसे मोजले, तेव्हा वस्तू आमची, असा तो मुद्दा. ह्याला कायद्याचे उत्तर सोपे आहे, आणि ते कॅलिफोर्निया राज्याने दिलेही. १ जानेवारी २०२५ पासून तेथे अमलात आलेल्या कायद्याप्रमाणे असा माल 'विकत घ्या' ह्या शब्दांनी विकताना गिऱ्हाइकाला केवळ परवाना मिळत आहे, हे स्पष्ट सांगावे लागते. म्हणजे फसवणूक थांबली. खेळ वाचला असे नव्हे. ह्याहून बोलके उदाहरण सोनी कंपनीच्या 'कॉन्कॉर्ड'चे आहे. हा खेळ २३ ऑगस्ट २०२४ रोजी बाजारात आला आणि अवघ्या दोन आठवड्यांत, ६ सप्टेंबरला, बंद झाला. कंपनीने गिऱ्हाइकांचे पैसे परत केले. ग्राहकाच्या न्यायाने पाहिले तर येथे तक्रारीला जागाच नाही. परंतु अनेक माणसांनी कित्येक वर्षे खपून केलेली एक कृती, ती बरी होती की वाईट हे पुन्हा पाहण्याची सोय न ठेवता, नाहीशी झाली. तो फसलेला खेळ होता हे आम्हांस ठाऊक आहे. फसलेल्या नाटकाचीही प्रत अभ्यासकाला लागते. किंबहुना एखादा प्रकार कोठे अडखळला हे शिकविण्यासाठी ती अधिकच लागते. म्हणून ह्या वादात गिऱ्हाइकाने बोलावे ते बोलावेच, पण वाचकानेही बोलले पाहिजे.

उद्योगाची बाजू अगदीच पोकळ आहे असे मात्र नाही. 'व्हिडिओ गेम्स युरोप' ह्या त्यांच्या संस्थेने जुलै २०२५ मध्ये म्हटले की सर्व्हर इतरांच्या हाती दिल्यास खेळाडूंच्या सुरक्षिततेची हमी देता येणार नाही, आणि अशी सक्ती झाल्यास खेळ घडविण्याचा खर्च न झेपण्याइतका वाढेल. खेळातील गाडीच्या नावाचे, गाण्याचे हक्क ठरावीक मुदतीचे असतात, हीही अडचण खरी आहे. पण ती गैरसोय अलंघ्य नाही. 'फोर्झा होरायझन ४' हा खेळ ह्याच कारणाने डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून काढला गेला. ज्यांनी तो आधी घेतला होता त्यांना तो पुढेही खेळता आला. विक्री थांबविणे वेगळे आणि विकलेली प्रत निकामी करणे वेगळे. पुस्तकाची आवृत्ती संपते, म्हणून प्रकाशक घरोघर जाऊन प्रती गोळा करीत नाही.

हजारो माणसे एकत्र येऊन जो खेळ खेळतात तो प्रयोगासारखा असतो, त्याचे जतन कसे करणार, असा आक्षेप काही विचारी लोकही घेतात. तो विचारात घेण्याजोगा आहे. बालगंधर्वांची 'मानापमान'मधील भामिनी आपण आज पाहू शकत नाही, हे खरेच. पण खाडिलकरांची संहिता आपल्या कपाटात आहे, आणि तिच्या बळावर नवा प्रयोग उभा राहतो, जुन्याविषयी काही विधान करता येते. खेळाच्या बाबतीत गर्दी राखता येणार नाही. नियम, भूमी आणि संवाद राखता येतील. मागणी तेवढीच आहे.

ह्या संदर्भात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' ह्या खेळाचा इतिहास पाठचिकित्सेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. २००४ साली निघालेल्या ह्या खेळाची मूळ भूमी ब्लिझार्ड कंपनीने २०१० च्या अखेरीस नव्या भागाच्या निमित्ताने पुष्कळशी बदलून टाकली. जुने गाव, जुनी वाट, जुने प्रसंग ह्यांवर नवा पाठ चढला आणि मूळ पाठ रीतसर खेळण्यास कोठेच उरला नाही. तेव्हा काही खेळाडूंनी 'नॉस्टॅल्रियस' ह्या नावाने जुना खेळ परस्पर चालविण्यास प्रारंभ केला. तेथे लाखोंनी नावे नोंदविली. कायद्याची नोटीस आल्यावर २०१६ च्या एप्रिलमध्ये तो बंद पडला. पुढे कंपनीलाच उपरती झाली, आणि २००६ सालच्या पाठावर आधारलेला जुना खेळ तिने २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा प्रसिद्ध केला.

ह्यातील खरी गंमत पुढेच आहे. प्रसिद्धीपूर्वीच्या चाचणीत खेळाडूंनी चुकांची लांबलचक गाऱ्हाणी केली; तेव्हा कंपनीला उलट एक यादी काढून सांगावे लागले की ह्या चुका नव्हेत, मूळ खेळ असाच होता. माणसांच्या स्मृतीने पाठ किती सुधारून घेतला होता, हे पोथी समोर आल्यावर कळले. आमच्या वडोदऱ्याच्या प्राच्यविद्यामंदिराने १९६० ते १९७५ ह्या काळात वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती प्रसिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे महाभारताचे कार्य १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पुरे झाले. त्या पंडितांना निदान हस्तलिखिते तरी मिळाली. लेखकूंनी अक्षरे चुकविली, श्लोक घुसडले, पण जुनी पोथी नष्ट करूनच नवी लिहावी असा दंडक कोणी केला नव्हता. येथे अपडेट आले की आधीची प्रत खेळाडूच्या यंत्रातून पुसली जाते, आणि त्याबद्दल त्याला कोणी विचारीतही नाही. वीस वर्षांनी ह्या खेळांवर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी कोणत्या पाठाचा आधार घेणार?

ग्रंथालये हे काम करू शकतील असे वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' ह्या संस्थेने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत. असे दुर्मिळ खेळ संशोधकांना घरबसल्या वापरू देण्याची मुभा ग्रंथालयांना असावी, ही मागणी तेथील स्वामित्वहक्क कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. फ्रान्समध्ये १९९२ च्या कायद्याने राष्ट्रीय ग्रंथालयाकडे खेळांची प्रत जमा होते, ही चांगली प्रथा आहे. परंतु ज्या डिस्कचा जीव दूरच्या सर्व्हरमध्ये आहे, ती कपाटात ठेवूनही उपयोग काय? वर उल्लेखिलेल्या न्यू यॉर्कच्या संग्रहालयालाही 'ईव्ह ऑनलाइन' हा खेळ दालनात मांडता आला नाही. खेळाडूंच्या साहाय्याने त्यातील एका दिवसाचे चित्रण करून ते त्याने दाखविले. चित्रण उत्तम असेल. तरी तो खेळाविषयीचा चित्रपट झाला, खेळ नव्हे.

आपल्या देशात ह्या विषयावर जे बोलले जाते ते बहुतांशी मुलांच्या डोळ्यांविषयी, अभ्यासाविषयी आणि पैशाविषयी असते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा संमत केला, त्याचा रोखही मुख्यतः पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर आहे. ती काळजी अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. शिक्षकांना तिचा अनुभव रोज येतो. पण १९५४ सालच्या कायद्याने प्रकाशकावर पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला व अन्य नेमलेल्या ग्रंथालयांना धाडण्याचे बंधन घातले, त्या धर्तीची तरतूद खेळांसाठी असावी, असा विचार आम्हांस कोठे फारसा ऐकू येत नाही.

मराठी मुलखाला हा प्रश्न परका राहिलेला नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' ह्या मंडळीने २०२० साली 'राजी' हा खेळ प्रसिद्ध केला. धाकट्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी, दुर्गा व विष्णू ह्यांच्या संवादातून पुढे सरकणारे कथन, राजस्थानी वास्तूंची आठवण देणारे वाडे, आणि छायाबाहुल्यांच्या रीतीने सांगितलेले प्रसंग असे त्याचे स्वरूप आहे. त्यातील लढायांचा भाग आम्हांस एकसुरी वाटतो, आणि शेवट घाईने उरकल्यासारखा; भिंतींवरील चित्रांतून पुराणकथा उलगडण्याची युक्ती मात्र कीर्तनातील पूर्वरंग-उत्तररंगाची आठवण करून देण्याइतकी जमली आहे. हा खेळ एकट्याने खेळावयाचा असल्यामुळे तो सर्व्हरच्या मर्जीवर अवलंबून नाही, आणि आमच्या ह्या मताशी ज्याला वाद घालावयाचा असेल त्याला तो आज घालता येईल. अकादमीने आपल्या ग्रंथालयात ह्या खेळाची प्रत आणि ती चालेल असे एक यंत्र ठेवावे, आणि कोणत्या आवृत्तीची प्रत ठेवली हे दाखलनोंदीत लिहावे, अशी आमची सूचना आहे. त्याला खर्च एखाद्या शब्दकोशाच्या संचाहून फारसा अधिक येणार नाही.