ठाण्याची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. ठाण्याच्या पायरीसाठी वेगळी म्हण कुणी केली नाही. बाईमाणसाला ती चढावी लागेल हे कुणाच्या मनातच आलं नसेल. आपण पोलीस बघतो तो बंदोबस्तातला. गणपतीच्या मिरवणुकीत, पंचकल्याणकाच्या मांडवाबाहेर उन्हात उभा असलेला. आपण त्याला सरबत देतो, तो ‘बरं अम्मा’ म्हणतो, संपली ओळख. बाकी सगळा पोलीस आपल्याला कळतो तो नाटक-सिनेमातून. म्हणून असं काही बघताना मी एक साधा प्रश्न मनाशी ठेवते. ह्यात फिर्याद घेऊन कोण येतं, आणि पुढे तिचं काय होतं?

तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’पासून सुरुवात करते. नाटक १९७२ सालचं. त्यातल्या नानांवर, ब्राह्मणांच्या चित्रणावर वाद रंगले, लेख लिहिले गेले. माझं लक्ष मात्र गौरीवर खिळतं. घाशीरामाला कोतवाली मिळते ती पोटची मुलगी नानांच्या हवाली करून. म्हणजे शहराची राखण करणारं पदच एका मुलीच्या बदल्यात आलेलं. पुढे ती मरते, आणि पुण्याचे लोक? ऊठसूट परवाने मागतात, कोतवालाला चळाचळा कापतात आणि शेवटी त्याला दगडांनी ठेचतात. भीती नाहीतर दगड. ह्या दोहोंच्या मधे काहीच नाही. कोतवालाला तोंडावर जाब विचारणारा एक नागरिक त्या पुण्यात सापडत नाही. तेंडुलकरांना तेच दाखवायचं होतं असं कुणी म्हणेल, आणि ते मला पटतंही.

त्याच १९७२ च्या मार्चमध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या ठाण्यात एक आदिवासी मुलगी घरच्या एका तक्रारीवरून जबाब द्यायला गेली होती. बरोबरच्यांना बाहेर पाठवलं आणि तिला आत ठेवून घेतलं. पुढे तो मथुरा खटला म्हणून देशभर गाजला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, ठिकठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ती ठाण्यात गेली होती ती बोलावलं म्हणून, हे विसरू नका.

त्याच १९८३ साली ‘अर्धसत्य’ आला. गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ ह्या कथेवरून तेंडुलकरांनी लिहिलेली पटकथा. पोलिसांवर आपल्याकडे इतका खरा सिनेमा मी दुसरा बघितला नाही. ओम पुरींचा अनंत वेलणकर हा सब-इन्स्पेक्टर चांगला माणूस आहे, आणि त्याच्या चांगुलपणाचं काय होतं ही ती गोष्ट. त्याला शिकायचं होतं, बापाने पोलिसात ढकललं. बाप स्वतः हवालदार, घरी आला की बायकोवर हात उचलणारा. अमरीश पुरींनी तो असा केलाय की पडद्यावर नुसता बसला तरी धाक वाटावा.

ह्या सिनेमाचं मोठेपण लोक रामा शेट्टीत शोधतात. गुंड-पुढारी आणि त्याच्यापुढे हतबल अधिकारी. ते आहेच, आणि सदाशिव अमरापूरकर विसरता येत नाहीत. पण मला खरी चावी सापडते ती त्या घरात. साहेब हवालदाराला झापतो, हवालदार घरी बायकोला मारतो, पोरगा बघत असतो. हा पोरगा मोठा होऊन वर्दी घालतो, वरून त्याचा अपमान होतो, तेव्हा त्याच्या हातात सापडतो एक फडतूस चोर, रेडिओ चोरलेला. रामा शेट्टीला हात लावता येत नाही, तो सगळा राग ह्या चोरावर निघतो, आणि कोठडीत चोर मरतो. आपल्या घरांत हे आपण बघितलेलं नाही काय? ऑफिसातला राग जेवणाच्या ताटावर निघतो. पोलिसांचा क्रूरपणा कुठल्या वेगळ्या मातीतून येत नाही, आपल्याच स्वयंपाकघराच्या दारातून जातो, हे निहलानींनी भाषण न करता दाखवलं. डी. के. बसू खटल्यात अटकेचे नियम घालून द्यायला सर्वोच्च न्यायालयाला पुढे १९९६ साल उजाडलं.

तक्रार एवढीच की स्मिता पाटीलची ज्योत्स्ना, साहित्य शिकवणारी प्राध्यापिका, ह्या सगळ्याची नुसती साक्षीदार राहते. ती त्याला नोकरी सोड म्हणते, दूर होते. तिला ठाण्यात जाऊन काही विचारायचं असेल हे पटकथेला सुचत नाही.

आणि मग २०११ चा ‘सिंघम’. तमिळ सिनेमावरून बेतलेला, आपल्या शेजारच्या गोव्यात घडणारा. नायकाचं शिवगड सीमेवरचं गाव आणि बदली थेट गोव्यात. आम्हां सीमेवरच्यांना हसू येतं, कारण चोर्ला घाट उतरला की पोलीस बदलतो, भाषा बदलते, कागदही बदलतो, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. असो. मजेचा भाग वगळला तर ह्या सिनेमाची सुरुवात फार चांगली आहे. खोट्या आरोपाने जीव दिलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याची विधवा त्याच्यावरचा डाग पुसायला धडपडते. सोनाली कुलकर्णीने ती केलीय. फिर्याद घेऊन आलेली बाई, एवढी वर्षं मी शोधत होते तीच! पण थोड्या वेळात ती बाजूला पडते, आणि तिचा न्याय शेवटी गाड्या उडवत, सगळ्या पोलिसांनी मिळून खलनायकाला त्याच्याच घरात गाठून होतो. थिएटरात शिट्ट्या. मृत अधिकाऱ्यावर खोटा कागद झाला होता म्हणून गोष्ट सुरू झाली, आणि ती संपते ती पोलिसांनी दुसरा खोटा कागद करून. ह्यावर कुणी हरकत घेतलेली माझ्या ऐकण्यात नाही. कुणी घेतली तर तिला चहा पाजीन.

कागदावरून आठवलं. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींची गळ्यातली साखळी ओढून नेली, तेव्हा मी त्यांच्याबरोबर ठाण्यात गेले होते. वागणूक वाईट नव्हती, खुर्ची दिली. त्यांनी मराठीत सांगितलं, समोरच्याने कन्नडमध्ये भराभर लिहिलं, त्यांनी मराठीत सही केली. बाहेर आल्यावर हातातली प्रत माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “काकू, ह्यात साखळी दोन तोळ्याचीच लिहिलीय ना हो?” मला कन्नड बोलता येतं, वाचायला अडखळते. फिर्याद लिहिल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखवायची आणि प्रत फुकट द्यायची, असं कायद्यात आहे. प्रत मिळाली. वाचून दाखवायचं राहिलं, आणि दाखवलं असतं तरी ते तिला कळेल अशा बोलीत, असं तिथे कुणाला वाटलं नाही. हा प्रसंग कुठल्याच सिनेमात येणार नाही. ह्यात ना गुंड, ना गाडी. पण पोलीस आणि माणसं ह्यांच्यातलं नातं बहुतेक वेळा एवढ्याच जागेत घडतं किंवा बिघडतं. टेबल, कागद, आणि आपण सांगितलं तेच लिहिलंय का ह्याची खात्री नसलेली एक बाई.

म्हणून तिन्हीतला ‘अर्धसत्य’ मी सगळ्यांत वर ठेवते. वेलणकर शेवटी रामा शेट्टीचा गळा आवळतो आणि स्वतःच्या पायांनी ठाण्यात येऊन हजर होतो, तेव्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत, पोटात खड्डा पडतो. फक्त तो रेडिओचोर मनातून जात नाही. त्याच्या घरी निरोप कुणी नेला, कुठल्या भाषेत सांगितला, आणि त्याच्या बायकोकडून कसल्या कागदावर सही घेतली, तिकडे पटकथा वळून बघत नाही.